कपड्यावरून बाईची पारख

दसरा-दिवाळी झाली की आपल्या धारूर तालुक्यातली कितीतरी गावे निम्मी रिकामी होतात. मुकादमाची गाडी येते. पिठाचे डबे, भांडी, शेळी, कोंबड्या, लेकरेबाळे गाडीत चढतात. टोळी घाट उतरून उसाला निघते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात.

त्या गाडीतल्या बायांकडे कधी नीट पाहिले आहे काय? पुष्कळजणींच्या अंगात लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा असतो. बाह्या मनगटापर्यंत, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. डोक्याला फडके. उसाच्या पाल्याची कड करवतीसारखी असते. हातावर, मानेवर ओरखडे उठतात आणि घामाने ते चुरचुरतात. म्हणून सदरा. यात दुसरे काही नाही.

आता पारावरचे बोलणे ऐका. "काय ते बाप्यावाणी सदरा घालून हिंडायचं! बाईमाणसाला काही लाज?" असे एकजण म्हणतो. पाडव्याला टोळी परत येते. तीच बाई चार पैसे गाठीला असतात म्हणून नवे पातळ नेसून बाजाराला जाते. तोच माणूस, तोच पार. तो म्हणतो, "एवढं नटून कुणाला दाखवायला चालली?" म्हणजे जाडेभरडे घातले तरी बोल, चांगले नेसले तरी बोल. मग बाईने नेसावे तरी काय?

आम्ही तिसरीही गोष्ट ऐकली आहे. "उसाला गेलेल्या बाया तिकडे काय करतात ते कुणी पाहिलंय?" असे घरी बसलेली माणसे म्हणतात. तिकडे त्या काय करतात ते आम्ही सांगतो. पहाटे चाराच्या आत उठतात. कोपीला न्हाणीघर नसते. म्हणून उजाडण्याआधी, अंधारातच, कशीबशी अंघोळ उरकतात. भाकरी बडवतात, फडावर जातात, दिवसभर मोळ्या बांधतात, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवतात. रात्री पुन्हा चूल आहेच. एवढे केल्यावर गावात मिळते काय, तर संशय.

आजचा आमचा विषय हा आहे. बाईने काय नेसले, कोणाशी बोलली, कोणाबरोबर गेली, यावरून तिची किंमत ठरवायची. तिला नावे ठेवायची. आणि उद्या तिच्यावर कोणी हात टाकला, तर तीच तशी म्हणून मोकळे व्हायचे. विषय जरा अवघड आहे. चारचौघांत बोलायचा नाही असे म्हणतात. पण चारचौघांतच तो रोज बोलला जातो, फक्त वाईट तऱ्हेने बोलला जातो. म्हणून आम्ही तो येथे घेतला.

आधी शब्द पाहू. आपल्या बोलीत अशा बाईसाठी शब्द किती! चवचाल, उठवळ, छिनाल, आणखी कितीतरी. सगळे येथे लिहिण्याजोगेही नाहीत. आता पुरुषासाठी शब्द शोधा. फार तर 'रंगेल'. तो शब्दही लोक अर्धे कौतुकानेच म्हणतात. गोष्ट दोघांची, आणि शिवी एकटीला. हे काही आम्हांलाच पहिल्याने सुचलेले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' नावाचे पुस्तक लिहिले. बुलढाणा आपल्या मराठवाड्याला लागूनच आहे. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेच्या कोर्टाने एका तरुण विधवेला फाशीची शिक्षा सांगितली होती. तिला मूल झाले आणि लोकलाजेने तिने ते मारले, असा खटला होता. पुढे फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या वेळी छापील पत्रांतून साऱ्या बायकांनाच नावे ठेवणे सुरू झाले. ताराबाईंना संताप आला. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा सवाल त्यांनी रोखठोक केला. त्या विधवेचे मूल एकटीचे नव्हते, पण कोर्टात उभी होती ती एकटी.

कोणी म्हणेल, मास्तर, जुने सोडा. हल्लीच्या पोरींचे कपडेच तसे. पूर्वीच्या बाया कशा अंगभर नेसत, म्हणून त्यांना कोणी बोलत नव्हते.

हे खरे नाही. सावित्रीबाई फुले 1848 साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. त्यांच्या अंगावर काय होते? त्या काळच्या साऱ्या बायकांसारखेच लुगडे. तरी रस्त्याने जाताना लोक त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकीत. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलीत. आनंदीबाई जोशी पुढे 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या मुंबईत शिकायला जात तेव्हा पायांत बूट आणि मोजे घालीत. एवढ्यावरून लोक खिडकीशी येऊन पाहत, वाटेत थट्टा करीत. 1883 साली परदेशी जाण्याआधी त्यांनी भरसभेत हे सांगितले आहे. आज तुमची लेक पायांत बूट घालून शाळेत जाते. तिला कोणी हसते काय? बूट तेच आहेत. पाहणाऱ्याचे डोळे बदलले.

तेव्हा कपडा हे निमित्त असते. बाई घराबाहेर पडली, शिकली, आपल्या मनाने चालली, हे खुपते. ते उघड बोलता येत नाही, म्हणून लोक कपड्यावर बोट ठेवतात.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. नावे ठेवणे हे नुसते तोंडाचे काम नाही. त्याने न्याय कसा बुडतो ते या गोष्टीत दिसते.

आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला देसाईगंज नावाचे गाव आहे. त्याला वडसा असेही म्हणतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. 1972 साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तेथे एक आदिवासी मुलगी होती. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. आईबाप वारलेले. भाऊ मजुरी करी, तीही लोकांच्या घरी काम करी. तिचे नाव आम्ही लिहीत नाही. ज्या बाईवर असा अत्याचार झाला तिचे नाव छापू नये असा आता कायदा आहे. तो कायदाही याच प्रकरणानंतर झाला.

ती मुलगी एका घरी कामाला जाई. त्या घरच्या एका तरुणाशी तिची ओळख झाली आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले. भावाला ते पसंत नव्हते. बहिणीला पळवून नेले अशी तक्रार त्याने पोलिसांत दिली. 26 मार्च 1972 च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावले. जबाब झाले. साडेदहाचा सुमार झाला. सगळे निघाले, तेव्हा शिपायांनी बाकीच्यांना जायला सांगून मुलीला एकटीला आत ठेवले. घरची माणसे बाहेर थांबली. आतला दिवा गेला, दार लागले. लोकांनी हाका मारल्या. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने सांगितले की एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्यानेही अंगाशी झोंबाझोंबी केली.

खटला उभा राहिला. आता पाहा, कोर्टापुढे प्रश्न कोणता होता? त्या रात्री ठाण्यात त्या शिपायांनी काय केले, एवढाच. परंतु विचार झाला तो मुलीच्या चालीचा. डॉक्टरच्या तपासणीत दिसले की तिचा पूर्वी संबंध आलेला होता. झाले! 1974 साली चंद्रपूरच्या सेशन कोर्टाने ती खोटे बोलते असे म्हटले, तिची संमती असावी असे धरले आणि दोघांना सोडून दिले. ज्या मुलाशी ती लग्न करणार होती त्याच्याशी तिचा संबंध होता, म्हणून ठाण्यातल्या अनोळखी शिपायालाही तिने रुकार दिला असेल! हा कसला हिशेब?

मुंबई हायकोर्टाच्या नागपूर शाखेने हा निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे हायकोर्टाचे म्हणणे पडले. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष अशी शिक्षा दिली. पण प्रकरण दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले. तेथे 1978 साली दोघे पुन्हा सुटले. अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, तेव्हा जबरदस्ती कशी म्हणावी, असे कारण देण्यात आले.

वाचकहो, तुम्हीच विचार करा. रात्रीची वेळ. पोलीस ठाणे. दाराला कडी. समोर सरकारचा शिपाई. आणि आत चौदा-सोळा वर्षांची, आईबापाविना पोर. आपल्यापैकी किती बाप्ये त्या जागी ओरडले असते? तलाठ्यापुढे उभे राहिले तरी आपला आवाज बसतो.

पुढच्या वर्षी, म्हणजे 1979 साली, कायदा शिकवणाऱ्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावे. गरीब मुलीचे गप्प राहणे म्हणजे रुकार नव्हे, आणि लग्नाआधी संबंध आला म्हणून कोणाला तिच्यावर हक्क मिळत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र गाजले. 8 मार्च 1980 ला मुंबई, दिल्ली, पुणे, नागपूर येथे बायका रस्त्यावर आल्या. तो निकाल काही बदलला नाही. ते दोघे सुटले ते सुटलेच. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. आम्हांला या गोष्टीत सर्वांत जास्त हेच लागते.

मात्र 1983 साली कायदा बदलला. पोलिसाने आपल्या ताब्यातल्या बाईवर जबरदस्ती केली आणि बाईने कोर्टात सांगितले की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसे धरून चालावे असे ठरले. मग नव्हती हे बाईने सिद्ध करायचे नाही, होती हे त्या माणसाने सिद्ध करायचे. खटला बंद दाराआड चालावा आणि तिचे नाव छापू नये, हेही त्याच वेळी आले.

तरीही एक काटा राहिला होता. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात एक कलम होते. अशा खटल्यात आरोपीच्या वकिलाला बाईची चाल वाईट आहे असे दाखवायला त्यात मुभा होती. वकील भर कोर्टात तिला काय वाटेल ते विचारीत. हे कलम 2002 साली निघाले. म्हणजे एकशे तीस वर्षे पारावरचे बोलणे कोर्टात कायद्याने चालत होते! 2013 साली कायदा आणखी स्पष्ट झाला. तिचा पूर्वी कोणाशी संबंध होता की नव्हता, याचा संमतीशी काही मेळ घालायचा नाही. डॉक्टर बोटांनी तपासून बाईला 'सवय' आहे की काय ते लिहीत असत. ती तपासणी चुकीची आहे, बाईचा अपमान करणारी आहे, असे सुप्रीम कोर्टाने 2013 साली सांगितले. 2022 साली पुन्हा बजावले की अशी तपासणी करणारा डॉक्टर दोषी धरला जाईल. जाता जाता एक सांगतो. 1979 चे ते पत्र गेले तेव्हा सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते, आणि 2022 चा हा निकाल देणारे धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव.

येथे एक शंका निघते. देसाईगंजची पोर बिचारी होती, पण एखादी बाई खरोखरच तशी असली तर?

याचे उत्तरही आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आहे. 1965 साली भिवंडीला एक पोलीस इन्स्पेक्टर रात्रीच्या वेळी, अंगात सरकारी पोशाख, एका बाईच्या झोपडीत शिरला आणि नको ती मागणी करू लागला. बाईने ओरडून माणसे जमवली. चौकशीत तिने काही लपवले नाही. आपण एका माणसाची ठेवलेली बाई आहोत, असे तिने सरळ सांगितले. इन्स्पेक्टरची नोकरी गेली. तो हायकोर्टात गेला. असल्या बाईच्या शब्दावर एका अधिकाऱ्याची नोकरी घालवणे बरे नव्हे, असे तेथे ठरले. शेवटी 1990 साली सुप्रीम कोर्टाने बाईच्या बाजूने निकाल दिला. बाई कशीही असो, तिच्या घरात तिच्या मर्जीवाचून शिरण्याचा कोणाला अधिकार नाही आणि तिची साक्षही कायद्यापुढे साक्षच आहे, असे कोर्ट म्हणाले. पंचवीस वर्षे लागली. पण बोलले ते स्वच्छ बोलले.

तेव्हा 'ती खरोखर तशी आहे काय' हा प्रश्नच विचारायचा नाही. घरफोडी झाली तर घरवाला देवभक्त आहे की नाही हे आपण विचारतो काय? चोर कोण, एवढेच विचारतो.

कोर्टाला एवढे बोल लावले. आता स्वतःचे सांगितले पाहिजे. नाहीतर हे लिहिण्याचा आम्हांला हक्क नाही.

तीस वर्षांमागची गोष्ट. तेव्हा आम्ही एका खेड्यातल्या शाळेत हेडमास्तर होतो. सातवीत एक मुलगी होती. गणितात तिचा हात कोणी धरीत नसे. मामाने तिला पंजाबी ड्रेस घेतला. गावात तोवर मुली परकर-पोलक्यातच येत. ती तो घालून आली आणि आठ दिवसांत शाळेच्या भिंतीवर कोळशाने तिचे नाव आणि एका मुलाचे नाव लिहिलेले सापडले. खाली घाण मजकूर. आम्ही काय केले? शिपायाकडून भिंत पुसून घेतली. मुलीला ऑफिसात बोलावले आणि सांगितले, "बाळ, उद्यापासून साधे कपडे घालून ये." झाले, आमचे काम संपले.

भिंतीवर लिहिले कोणी, हे आम्ही विचारलेच नाही. अक्षर ओळखू येण्यासारखे होते. मास्तरला पोरांचे अक्षर ओळखत नाही होय? पण लिहिणारा वजनदार घरचा असावा असा आम्हांला संशय होता. म्हणून आम्ही डोळे झाकले. पोरीला बोलावणे सोपे होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही. बाप दाखला मागायला आला. म्हणाला, "गुरुजी, लोक नावं ठेवायलेत. तुम्हीसुद्धा तिलाच बोललात. म्हणजे काहीतरी असंलच." त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. तेरा वर्षांची होती. आमच्या एका वाक्याचा बापाने पुरावा केला. देसाईगंजच्या निकालात आणि आमच्या त्या ऑफिसातल्या निकालात फरक किती, हे आम्ही अनेकदा मनाशी ताडून पाहिले आहे. विचारायचे होते दुसऱ्याला, विचारले तिला.

आपला बीड जिल्हा बालविवाहांसाठी बदनाम आहे. त्याचे एक कारण हेच आहे. आईबाप सहा महिने उसाला जातात. वयात आलेली लेक मागे म्हातारीजवळ ठेवावी, तर तिच्यावर कोणी वाईट नजर टाकील ही एक भीती. आणि काही झाले नाही तरी लोक बोलतील ही दुसरी, पहिलीपेक्षा मोठी भीती. मग लग्न उरकून टाकतात. नवरा-बायकोचा एक कोयता होतो, उचल मिळते, पोर जबाबदारीतून सुटली असे वाटते. पोर सुटत नाही. सोळाव्या वर्षी पोटात मूल आणि डोक्यावर मोळी. पारावर बोलणाऱ्याचे बोलणे दोन मिनिटांचे, ते फेडते ती जन्मभर.

यात बायकांनाही आम्ही सोडणार नाही. हौदावर, दळणाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात सुनेची, शेजारणीची चाल काढण्यात बायाच पुढे असतात. "आमच्या वेळी नव्हतं बाई असं." तुमच्या वेळी तुमच्या सासूने तुम्हांला काय म्हटले होते, ते जरा आठवा. गोल पातळ नेसले म्हणून बोलणी खाल्लेल्या कितीतरी म्हाताऱ्या आज नातीच्या ड्रेसवर बोलतात.

आता थोडे व्यवहाराचे. हे नीट वाचून ठेवा, घरातल्या पोरींनाही वाचून दाखवा.

बाईला उद्देशून घाणेरडे बोलणे, खुणा करणे, तिची लाज जाईल असे काही करणे हा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला. त्याचे नाव भारतीय न्याय संहिता. तिच्या 79 व्या कलमाप्रमाणे याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मोबाईलवर कोणा मुलीचा घाण मजकूर किंवा फोटो आला आणि आपण तो पुढे धाडला, तर गुन्हा आपल्याही अंगावर येतो. पूर्वी भिंत होती, आता मोबाईल आहे. भिंत पुसता तरी येत होती.

बाईला साक्षीसाठी पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसाने तिच्या घरी जाऊन विचारायचे असते. अत्याचाराची तक्रार बाई पोलिसाने किंवा बाई अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. उसाच्या फडावर सांगलीकडे काही घडले, तरी तेथल्या ठाण्याला फिर्याद घ्यावी लागते आणि धारूरला परत आल्यावर येथेही देता येते. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्यायची. बायकांसाठी मदतीचा फोन 181, लेकरांसाठी 1098 आणि तातडीने पोलीस हवे असतील तर 112.

फिर्याद लिहिताना कोणी विचारील, "तू तेव्हा नेसली काय होतीस? एवढ्या रात्री तिकडे कशाला गेलीस?" कपडे पुराव्यासाठी ताब्यात घ्यायचे असले तर ती गोष्ट निराळी, ते द्यावेत. पण त्यावरून तुमची चाल ठरवायची असली, तर त्या प्रश्नाचे उत्तर देणे लागत नाही. फिर्यादीत चार गोष्टी लिहायच्या. कोणी केले, काय केले, कोठे केले, केव्हा केले. सही किंवा अंगठा करण्याआधी लिहिलेले वाचून घ्या. आता तुम्हांला वाचता येते.